डक्टमधला तुराको

नौशाद मापारीच्या इकाम्यावर, म्हणजे सौदीत राहण्याच्या परवान्यावर, व्यवसायाच्या रकान्यात 'पक्षीतज्ज्ञ' असं छापलेलं होतं, आणि त्याला पक्ष्यांतलं काहीही कळत नव्हतं.

तो खमीस मुशैतमध्ये फ्रिज आणि एसी दुरुस्त करायचा. बाणकोटहून येऊन त्याला सतरा वर्षं झाली होती. त्याचा कफील, म्हणजे त्याला जामीन राहणारा मालक, अबू नासर याने एके काळी ससाणे पाळायचं मनात घेतलं होतं आणि त्यासाठी एक व्हिसा मंजूर करून घेतला होता. ससाणे आलेच नाहीत. व्हिसा मात्र येऊन पडला होता, तो वाया का घालवा म्हणून अबू नासरने त्यावर नौशादला आणलं.

"खबीर तुयूर," अबू नासर त्याला पहिल्या दिवशी म्हणाला होता. "पक्ष्यांचा तज्ज्ञ. वाईट काय आहे? लोक मजूर म्हणून येतात, तू तज्ज्ञ म्हणून आलास."

वाईट काहीच नव्हतं. मजुराला बायको आणायची परवानगी मिळत नाही, तज्ज्ञाला मिळते. त्या एका शब्दाच्या जोरावर आठ वर्षांपूर्वी हाजरा खमीसला आली, दोन खोल्यांचं घर झालं, आणि नौशादने डब्यातली डाळ खाणं बंद केलं. त्यामुळे त्या रकान्याकडे तो कधी बोट दाखवत नसे. झोपलेल्या कुत्र्याच्या बाजूने जावं तसा तो त्या शब्दाच्या बाजूने पाय न वाजवता जायचा.

ऑगस्टमधल्या एका गुरुवारी सकाळी नऊच्या सुमाराला तो एका चिकनच्या दुकानात डीप फ्रीजरमध्ये खांद्यापर्यंत हात घालून बसला होता. आजूबाजूला शे-दीडशे पक्षी होते, पण सगळे सोललेले. तेवढ्यात फोन वाजला.

"खबीर नौशाद?" कुणीतरी अरबीत विचारलं.

"नौशाद, हो. खबीर कोण ते माहीत नाही."

"अस्सलाम अलैकुम, या खबीर! मी मिशआल. सरकारी कचेरीतून बोलतोय, रानातल्या प्राण्यांचं काम माझ्याकडे असतं. तुम्ही आमच्याच शहरात, आणि आम्हाला पत्ता नाही! सिस्टीममध्ये 'पक्षीतज्ज्ञ' टाकलं तर अख्ख्या असीर प्रांतात एकच नाव आलं. तुमचं! अबहाच्या वर डोंगरात एका मळ्यावर एक विचित्र पक्षी आलाय. अर्ध्या तासात तुम्हाला न्यायला येतो. यल्ला!"

नौशादने फ्रीजरमधून हात बाहेर काढला. हात आधीच गार पडला होता, आता बाकीचा नौशादही पडला.

तो घरी पोचला तेव्हा हाजरा भेंडी चिरत होती. त्याने उभ्या उभ्या सगळं सांगितलं.

"ताप आलाय म्हणून सांगा," हाजरा म्हणाली.

"तो निघालाय गो कचेरीतून. आता पोचेल."

"मग खरं सांगून टाका."

"खरं सांगितलं तर हा कसला पक्षीतज्ज्ञ, असं विचारतील. ते विचारलं की मग याची बायको इथे कशी, तेही विचारतील."

हाजराने सुरी खाली ठेवली. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. तिने अबाया अंगावर चढवला आणि चप्पल शोधायला लागली.

"तू कुठे?"

"तुमच्याबरोबर. तुम्ही कोंबडी फक्त रश्श्यात बघितलीय. मी बाणकोटला तीस कोंबड्या, सहा बदकं आणि तुमची आई सांभाळलीय."

मिशआल पंचविशीतला, कडक इस्त्रीचा पांढराशुभ्र झगा घातलेला उत्साही गडी होता. 'माझी सहायक' म्हणून नौशादने हाजराची ओळख करून दिली तेव्हा त्याने आदराने मान खाली घातली. नोकरीला लागल्यापासून दोन वर्षं त्याच्या टेबलावर फक्त माकडांच्या तक्रारी येत होत्या: माकडांनी टँकरवर बसून पाणी सांडलं, माकडांनी लग्नाचा केक नेला. पक्ष्याची ही पहिलीच केस. गाडी चालवता चालवता त्याने फोनवरचा फोटो दाखवला. अंजिराच्या झाडात एक हिरवा धब्बा होता.

"काय वाटतं, खबीर?"

"बघितल्याशिवाय सांगता येत नाही," नौशाद म्हणाला. सतरा वर्षं तो प्रत्येक गिऱ्हाइकाला हेच सांगत आला होता.

"आजारी असेल का?"

"आवाज कसा येतो त्यावर आहे."

"जगेल ना?"

"किती जुना आहे ते बघावं लागेल."

इतकं मोजकं बोलणारा विद्वान मिशआलने आजवर पाहिला नव्हता. मागच्या सीटवर हाजरा खिडकीबाहेर बघत हसू दाबत होती.

मळा होता अबू तुर्की यांचा. ते सैन्यातून कर्नल म्हणून निवृत्त झाले होते आणि अजूनही दोन्ही हात मागे बांधून चालत. डोंगराच्या उतारावर डाळिंबं, अंजीर, त्याच्या वर जुनिपरचं रान, आणि मधोमध चाळीस माणसं बसतील असा मजलिस, पाहुण्यांचा दिवाणखाना. या उंचीवर ऑगस्टमध्येही रात्री ब्लँकेट लागतं. तरीही अबू तुर्कींच्या रियाधच्या चुलतभावाकडे सेंट्रल एसी होता म्हणून त्यांनीही बसवून घेतला होता. चार वर्षांत तो एकदाही लावला नव्हता. नौशाद आत शिरला आणि त्याची नजर आपसूक छताकडे गेली. आठ ग्रिल, मुख्य डक्ट उत्तर-दक्षिण, एक मोठा फाटा स्वयंपाकघराकडे. काम चोख होतं. त्याला जरा बरं वाटलं.

हाजराला अबू तुर्कींच्या बायकोने, उम्म तुर्कींनी, आतल्या बाजूला नेलं. नौशाद मजलिसात बसला. समोर सोळा खिशांचं जाकीट घातलेला एक चष्मेवाला बसला होता. त्याच्या मांडीवर तोफेएवढ्या लेन्सचा कॅमेरा होता.

"रियाधहून आलेत, सकाळच्या विमानाने," मिशआलने ओळख करून दिली. "मिस्टर विश्वनाथ. हे आमचे खबीर नौशाद."

विश्वनाथ रिसबूड ठाण्याचा. रियाधमध्ये बँकेच्या आयटीत होता आणि सुट्टीच्या दिवशी सौदीभर पक्षी बघत हिंडायचा. तो फोटो पक्षीवाल्यांच्या ग्रुपवर फिरत त्याच्यापर्यंत पोचला होता, आणि बॉसला 'मावशी सिरियस' एवढंच कळवून तो विमानात बसला होता. त्याने नौशादचा हात दोन्ही हातांत घेतला.

"सर, तुमचं स्पेशलायझेशन?" त्याने हिंदीत विचारलं.

"स्प्लिट," नौशादच्या तोंडून निघून गेलं.

विश्वनाथचे डोळे चमकले. पक्षीशास्त्रात एकाच जातीच्या दोन वेगळ्या जाती ठरवण्याला स्प्लिट म्हणतात, आणि त्यावरून माणसं एकमेकांशी बोलणं टाकतात.

"म्हणजे तुम्ही स्प्लिटवाले! वाटलंच मला. पण सर, इतके स्प्लिट गरजेचे असतात का?"

"ज्याची जशी जागा," नौशाद म्हणाला. "लहान खोली असली तर विंडो पण चालतो."

विश्वनाथने चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग हळूच मराठीत विचारलं, "तुम्ही कुठले?"

"बाणकोट."

"आणि करता काय?"

नौशादने डाव्या-उजव्या बाजूला पाहिलं. मिशआल कॉफी घेत होता, अबू तुर्की खिडकीतून अंजिराकडे बघत होते. "फ्रिज, एसी," तो पुटपुटला. "इकाम्यावर चुकून पक्षी पडलेत. बायको आत बसलीय. बोलू नका कुठे."

विश्वनाथला खोकला लागला. तो बराच वेळ टिकला. शेवटी डोळे पुसत तो म्हणाला, "बरं. तुम्ही नुसती मान हलवा. बोलायचं मी बघतो."

पक्षी अंजिराच्या मधल्या फांदीवर होता. कावळ्याहून थोडा लहान. अंग हिरवंगार, डोक्यावर पांढरट तुरा, डोळ्याभोवती लाल कातडी, शेपटी लांब आणि निळसर. उडण्याऐवजी तो फांदीवरून खारीसारखा तुरुतुरु धावत होता. एक अंजीर गिळायला त्याने पंख उघडले आणि आतून असा लाल रंग दिसला की नौशादच्या तोंडून 'आयला' निघालं.

विश्वनाथ गुडघ्यांवर बसला. "रस्पोलीचा तुराको! दक्षिण इथिओपियाच्या डोंगरातल्या जंगलात असतो, बाकी जगात कुठेही नाही. तिथेसुद्धा फार थोड्या लोकांनी बघितलाय. एक इटालियन राजपुत्र तिकडे फिरत होता, त्याला हत्तीने मारलं. त्याच्या सामानात हा पक्षी निघाला. कुठे मारला, कधी, काही लिहून ठेवलेलं नाही! पुढे पन्नासेक वर्षं कुणाला पत्ता नव्हता हा राहतो कुठे."

"काय म्हणतात ते?" मिशआलने नौशादला विचारलं.

नौशादने मान हलवली आणि जेवढं कळलं तेवढं सांगितलं. "हत्तीने एका राजाला मारलं."

अबू तुर्कींनी पक्ष्याकडे नव्या आदराने पाहिलं. "समुद्र ओलांडून आलाय," ते म्हणाले. "माझ्या झाडावर. एवढे मळे सोडून."

"अरबस्तानातली पहिली नोंद," विश्वनाथ म्हणाला. नोंदीत पक्षी बघणाऱ्याचं नाव लागतं. ते त्याच्या तोंडावर आताच लागलेलं दिसत होतं.

त्याच वेळी वरच्या रानातून माकडं उतरली. दहा-बारा करड्या माकडांची टोळी, पुढे आयाळवाला म्होरक्या. त्यांनाही अंजीर हवं होतं. अबू तुर्की हात मागे ठेवूनच ओरडले, मिशआलने चप्पल फेकली, ती म्होरक्याने झेलली आणि हुंगून पाहिली. तुराको घाबरून उडाला. त्याचं उडणं म्हणजे पडणं आणि फडफडणं यांच्या मधलं काहीतरी होतं. तो मजलिसच्या गच्चीवर पोचला. तिथे एसीचं मोठं युनिट होतं. बसवणाऱ्याने त्याचा एका बाजूचा पत्रा लावलाच नव्हता. पक्षी त्या अंधाऱ्या चौकोनात घुसला आणि दिसेनासा झाला.

सगळे मजलिसात धावले. मग पहिल्या ग्रिलमधून आवाज आला.

"घॉ! घॉ! घॉ! घॉ!"

म्हाताऱ्या कुत्र्याला घसा बसल्यावर भुंकायला लावावं तसा तो आवाज होता. चार माणसं छताकडे बघायला लागली. मग तोच आवाज पाचव्या ग्रिलमधून आला. मग तिसऱ्या. वर पत्र्यावर नखांची खरखर इकडून तिकडे धावत होती आणि खाली माना तिच्यामागे फिरत होत्या.

"तो मरेल," विश्वनाथ रडकुंडीला आला. "आत गुदमरेल! जगात एवढे कमी राहिलेत, आणि एक इथे डक्टमध्ये मरणार!"

"छत फोडा," अबू तुर्कींनी हुकूम दिला.

"थांबा," नौशाद म्हणाला.

सकाळपासून पहिल्यांदाच त्याला प्रश्न समजला होता. त्याने बाह्या दुमडल्या.

"खबीर, काय काय आणू?" मिशआलने विचारलं. "जाळं? पिंजरा?"

"शिडी. आणि दहा नंबरचा पाना."

मिशआलने ते वहीत लिहून घेतलं.

नौशाद गच्चीवर गेला, युनिटचा उघडा भाग एका लाकडी फळीने बंद केला आणि खाली उतरला. शिडीवर चढून त्याने मुठीने डक्ट वाजवत नेला. ठण, ठण, ठण, थप्प. "इथे बसलाय." मग एकेका फाट्याच्या तोंडाशी असलेली झडप त्याने पान्याने फिरवून बंद केली. मजलिसच्या आठही वाटा बंद झाल्या. उघडी राहिली ती एकच, स्वयंपाकघराकडची मोठी. वाटेत पंखा लागत नव्हता, त्याची त्याने दोनदा खात्री करून घेतली.

"आता काय?" विश्वनाथ.

"आता वारा. एकदम हळू. वारा मागून लागला की तो पुढे सरकेल."

"पक्षी वाऱ्याच्या दिशेला तोंड करून बसतात!"

"बाहेर बसत असतील. डक्टमध्ये उंदीर, पाल, मांजर, सगळ्यांना मी असंच काढलंय. तुमचं पुस्तक डक्टबद्दल काय म्हणतं?"

पुस्तकात डक्टबद्दल काही नव्हतं.

नौशाद स्वयंपाकघराच्या बंद दाराशी गेला. आत बायका होत्या, त्यामुळे पुरुषांना तिथपर्यंतच. "हाजरा! वरची मोठी जाळी काढलीस?"

"केव्हाच! ओट्यावर उभी आहे. हातात अंजीर आहे."

"ओढणी घे. सोडतो बघ."

चार वर्षांनी तो एसी पहिल्यांदा सुरू झाला. घुर्र झालं, धूळ उडाली, डक्टमधली खरखर पळायला लागली, दक्षिणेकडे, मग डावीकडे, मग थेट स्वयंपाकघराच्या वर. आत काहीतरी धप्पकन पडलं. एक पातेलं गडगडलं. उम्म तुर्कींची किंकाळी आली, त्यावर "घॉ! घॉ!" आणि त्याच्याही वर हाजराचा आवाज, "गप! गप बस, मेल्या! धरलाय!"

मजलिसात तिघांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. अबू तुर्कींनी मात्र फक्त हात मागून पुढे घेतले, आणि त्यांच्या दृष्टीने ते पुष्कळ होतं.

आतून नळाचा आवाज यायला लागला.

विश्वनाथने कान टवकारले. "त्या काय करताहेत?"

"हाजरा, काय चाललंय?"

"काळाठिक्कर झालाय धुळीने! जरा धुते."

विश्वनाथ दारावर जाऊन आपटला. "ताई! साबण लावू नका! काहीही करा, साबण लावू नका!"

"लावला!"

पुढच्या क्षणी उम्म तुर्की ओरडल्या, "दम! दम!" म्हणजे रक्त. पाठोपाठ हाजराचा घाबरलेला आवाज, "अहो, पाणी लाल येतंय! पण लागलंय कुठे ते दिसत नाही. पंख चोळला की लाल!"

मिशआल फोनवर जनावरांच्या डॉक्टरचा नंबर शोधायला लागला. नौशादने विश्वनाथकडे पाहिलं. विश्वनाथ मात्र दाराला टेकून हसत होता.

"रंग आहे तो," तो म्हणाला. "रक्त नव्हे. यांच्या पंखातला लाल रंग तांब्याचा असतो आणि साबणाच्या पाण्यात उतरतो. दुसऱ्या कुठल्या पक्ष्याचं असं होत नाही. ताई, घाबरू नका, साध्या पाण्याने धुवा आणि उन्हात धरा. आणि ते लाल पाणी टाकू नका! मला बाटलीत भरून द्या!"

"याला काय करायचंय ते पाणी?" हाजराने आतून नवऱ्याला विचारलं.

"ठेवणार असेल. शिकलेली माणसं आहेत."

दाराच्या फटीतून सरबताच्या रिकाम्या बाटलीत भरलेलं लाल पाणी बाहेर आलं. विश्वनाथने ती चौरंगावर ठेवली आणि कॅमेरा आणायला वळला. इतक्या धावपळीने मिशआलच्या घशाला कोरड पडली होती. समोर पाहुणचाराचं लाल सरबत दिसलं, त्याने मोठा घोट घेतला. मग तो काही बोलायला गेला तर तोंडातून फक्त फुगे आले. बराच वेळ त्याच्या चुळा चालू होत्या.

त्या गडबडीत दाराआडून हाजराची हाक आली, आता जरा हळू आवाजात. "अहो. याच्या पायात कडं आहे. चिखलाने दिसत नव्हतं. त्यावर आकडे आहेत."

विश्वनाथच्या हातातला कॅमेरा खाली आला. मजलिसात मराठी कळणारे दोघेच होते.

"त्यांना सांगू नका," तो कुजबुजला.

"का?"

"कडं म्हणजे पाळलेला. पळून आलेला. मग पहिली नोंद नाही, काहीच नाही. मोजतासुद्धा येत नाही माझ्या यादीत." तो जवळ सरकला. "हे बघा, तुमचं फ्रिजचं मी बोललो का? नाही बोललो. तसं तुम्ही कड्याचं बोलू नका. कडं कापून टाकू. कुणाचं काय जातंय?"

पलीकडे अबू तुर्की फोनवर भावाला सांगत होते की समुद्र ओलांडून एक पाहुणा आपल्याच झाडावर उतरलाय. मिशआल तोंड पुसत पुसत बातमीचा मथळा ठरवत होता. तिघांनाही पक्षी रानातला हवा होता, आणि नौशादला तर फक्त घरी जायचं होतं. गप्प राहणं सगळ्यांनाच सोयीचं होतं.

"कुणीतरी शोधत असेल हो त्याला," तो शेवटी म्हणाला. "आकडे घालून ठेवलेत म्हणजे जपला असेल." आणि त्याने अरबीत सगळ्यांना सांगून टाकलं.

विश्वनाथचा चेहरा पडला. त्याने तोंड उघडलं. नौशाद वाट बघत राहिला. पण विश्वनाथने तोंड मिटलं, कॅमेऱ्याला झाकण लावलं आणि भिंतीकडे बघत बसला.

हाजराने आकडे वाचून दाखवले. तो फोन नंबर निघाला. मिशआलने स्पीकरवर लावला. ताइफच्या बाजूचा एक श्रीमंत गृहस्थ होता, घरी पक्ष्यांचा संग्रह असलेला. उन्हाळ्याच्या सहलीला तो पक्ष्यालाही गाडीत घेऊन अबहाला आला होता, आणि पेट्रोल पंपावर काच खाली राहिली.

"अकीद सापडला?" पलीकडचा माणूस चक्क रडत होता. अकीद म्हणजे कर्नल. पक्ष्याचं नाव ते होतं. "माझा अकीद! जेवला का अकीद? अकीदला मानेखाली खाजवलेलं फार आवडतं. अकीद रागावला तर त्याला केळं द्या!"

मजलिसात कुणीही अबू तुर्कींकडे बघितलं नाही. मिशआल तर इतक्या निकराने बघत नव्हता की त्याची मान थरथरत होती. अबू तुर्कींनी हात पुन्हा मागे बांधले.

"सांग त्याला," ते म्हणाले, "अकीद मजेत आहे."

अहवाल लिहायचा राहिला होता. मिशआलने छापील फॉर्म काढला आणि नौशाद सांगेल ते लिहायला लागला.

"तपासणीत काय आढळलं?"

"आत धूळ होती. साफ केली."

"सध्याची अवस्था?"

"चालू आहे. आवाज आहे, पण तो कंपनीचाच."

"शिफारस?"

"पाणी कमी. साबण नको. खिडकी बंद ठेवावी."

"पुढची तपासणी?"

"सहा महिन्यांनी," नौशाद सवयीने म्हणाला, आणि सही केली.

निघताना हाजरा तुराकोला टोपलीतून बाहेर घेऊन आली. उन्हात वाळून तो फुगला होता. पंखांचा लाल थोडा फिका झाला होता, पण ऐट तीच होती. विश्वनाथ दूर उभा होता.

"बघा की जवळून," हाजरा त्याला म्हणाली.

"बघून काय उपयोग, ताई. पळालेला आहे. मोजता येत नाही."

"समोर बसलाय ढळढळीत! मोजता येत नाही म्हणजे? मोजा हो, कोण बघायला येतंय!"

विश्वनाथने बोट पुढे केलं. पाच वर्षं तो पक्षी बघत होता, पण एकालाही त्याचा हात लागला नव्हता. त्याने मानेखाली हळूच खाजवलं. तुराकोने डोळे मिटले. विश्वनाथनेही मिटले. मग बराच वेळ कुणी कुणाला हलवलं नाही.

परतीच्या वाटेवर नौशादला राहवेना. विश्वनाथ गप्प राहिला होता, पण मिशआल चांगला मुलगा होता, आणि चांगल्या माणसाला फसवलं की नौशादला जेवण जात नसे. घाट उतरताना तो म्हणाला, "मिशआल, मला पक्ष्यांतलं काही कळत नाही. मी फ्रिज आणि एसी दुरुस्त करतो. इकाम्यावर ते कफीलने टाकलंय."

हाजराने मागून सीट घट्ट धरली.

मिशआलने गाडी कडेला घेतली, थांबवली, आणि पूर्ण वळून त्याच्याकडे बघितलं.

"फ्रिज?"

"हो."

"सगळ्या कंपन्यांचे?"

"सगळ्या."

"सुब्हानल्लाह!" मिशआलने स्टिअरिंगवर हात मारला. "अरे, तज्ज्ञ पुष्कळ मिळतात. फ्रिजवाला मिळत नाही! दोन आठवडे झाले, आईचा फ्रिज बंद आहे. तीन माणसं येतो म्हणाली, एकही आलं नाही. आत्ता चला!"

"आणि इकाम्याचं?" हाजराने विचारलं.

"सिस्टीममध्ये खबीर आहे ना? मग खबीर. आज पक्षी यांनीच काढला, मी डोळ्यांनी बघितलंय. सिस्टीम बरोबरच आहे. खलास."

मिशआलचं घर खमीसच्या कडेला होतं. त्याची आई दारातच उभी होती. मुलाने पाहुण्यांची ओळख 'खबीर आणि त्यांची सहायक' अशी करून दिली, कारण दिवसभर त्याच्या तोंडात तेच बसलं होतं. आईने दोघांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, आत गेली आणि कान धरून एक काळी बकरी घेऊन आली.

"कालपासून खात नाही."

"आई, हे पक्ष्यांचे खबीर आहेत," मिशआल म्हणाला. "आणि तेही नाहीत. हे फ्रिजवाले आहेत."

"मग काय झालं? एवढ्या लांबून आलेत, तर बघू देत की."

नौशादने हाजराकडे बघितलं. हाजराने अबायाच्या बाह्या वर सारल्या, अंगणात उकिडवी बसली आणि बकरीचं तोंड उघडून आत डोकावली. नौशाद आत गेला, फ्रिज भिंतीपासून पुढे ओढला आणि त्याच्या मागे कान लावून बसला.